दुबई ते बोर्ली पंचतन: इंटरनेट कॉल वाटेत कुठे उघडा पडतो?

श्रीवर्धन आणि म्हसळा तालुक्यांतल्या कितीतरी घरांमधलं एखादं माणूस आखातात असतं. बोर्ली पंचतनही त्याला अपवाद नाही. दुबई, कुवेत, सौदीहून येणारा फोन इथल्या दिनक्रमाचाच भाग आहे. एके काळी त्यासाठी आयएसडी बूथवर मिनिटामिनिटाचे पैसे मोजावे लागत. आता व्हॉट्सॲप किंवा बोटिमसारख्या ॲपवर तासभर बोललं तरी रिचार्जपलीकडे फारसा खर्च येत नाही. बोलणं जसं लांबलं तसं त्यातलं खासगीपणही वाढलं. पाठवलेले पैसे, जागेचा व्यवहार, मुलीचं स्थळ, दवाखान्याचा रिपोर्ट, अडकलेला पगार असं सगळं याच कॉलवर बोललं जातं.

हे कोणी ऐकत असेल का, असं विचारलं की ‘कॉल एन्क्रिप्टेड असतो’ एवढंच ठरलेलं उत्तर मिळतं. ते खरं असलं तरी पुरेसं नाही. कुलूप लावलं हे ठीक, पण चावी कोणी बनवली, ती कोणाकोणाकडे आहे आणि कुलूप खरंच बसलंय का, हे बाहेरच्या कोणी तपासलंय का? याची उत्तरं मिळवायला एक कॉल घेऊ. मुलगा दुबईत, आई बोर्लीत. त्याने बटण दाबल्यापासून तिच्या कानापर्यंत आवाज पोचेतो काय काय घडतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आवाजाचे तुकडे

मुलगा बोलतो तेव्हा फोनचा माइक त्याच्या आवाजाची सेकंदाला हजारो वेळा मोजणी करतो आणि आकडे तयार होतात. एवढे आकडे जसेच्या तसे पाठवले तर डेटा भराभर संपेल. म्हणून कोडेक नावाचा प्रोग्राम कानाला न जाणवणारा भाग गाळून ते आटवतो. २०१२ मध्ये प्रमाणित झालेला ऑपस हा असाच एक कोडेक. साधारणपणे २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये बसतो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं निघतात. प्रत्येक पॅकेटवर ते कुठून निघालं आणि कुठे जायचंय, याचा आकडी पत्ता असतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात.

पॅकेट फोनबाहेर पडण्याआधी त्यातले आकडे एका गुप्त संख्येच्या मदतीने असे गुंतवले जातात की ती संख्या माहीत नसलेल्याला काहीच अर्थबोध होऊ नये. हे एन्क्रिप्शन, आणि ती गुप्त संख्या म्हणजे चावी. आजच्या पद्धती इतक्या भक्कम आहेत की नुसतं गणित करून हे कुलूप फोडणं कोणत्याही सरकारला व्यवहारात जमणारं नाही. म्हणूनच ज्याला ऐकायचं असतं तो कुलपाच्या नादी लागत नाही, चावी कुठून मिळेल ते पाहतो.

चावी कोणाकडे?

इथे दोन प्रकार संभवतात. पहिल्यात मुलाच्या फोनपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक कुलूप आणि तिथून आईच्या फोनपर्यंत दुसरं. वाटेतल्या चोराला काही मिळत नाही, पण सर्व्हरवर आवाज उघडा होतो. कंपनीला, तिच्या कर्मचाऱ्याला किंवा तिच्यावर हुकूम चालवणाऱ्या सरकारला तो तिथे मिळू शकतो. दुसऱ्या प्रकारात चावी फक्त दोन फोनमध्ये तयार होते आणि कंपनी नुसती हमाली करते. याला एंड-टू-एंड म्हणतात.

प्रत्यक्ष न भेटता दोन फोन एकच गुप्त चावी कशी ठरवतात? १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी त्याची रीत मांडली. दोघांनी आपापली एक संख्या गुप्त ठेवायची, तिच्यापासून काढलेली दुसरी संख्या उघडपणे समोरच्याला द्यायची आणि आपली गुप्त व त्याची उघड संख्या मिळून हिशोब करायचा. दोन्हीकडे एकच उत्तर येतं. ऐकणाऱ्याला उघड संख्या दिसल्या तरी त्यांवरून ते उत्तर काढता येत नाही.

यात एक फट आहे. आईची उघड संख्या मुलाच्या फोनला कंपनीचा सर्व्हर देतो. त्याने आईच्या नावावर स्वतःचीच संख्या दिली, आणि आईला मुलाच्या नावावर तेच केलं, तर दोन्ही फोन मधल्या तिऱ्हाइताशी चावी ठरवतील आणि कोणालाही पत्ता लागणार नाही. ही फट बुजवण्यासाठी व्हॉट्सॲपमध्ये प्रत्येक जोडीसाठी ६० अंकी सुरक्षा कोड असतो. दोन्ही फोनवर तो तंतोतंत जुळला तर मध्ये कोणी नाही. फार थोडी माणसं तो कधी उघडून पाहतात.

जाहिरातीतलं एंड-टू-एंड आणि प्रत्यक्षातलं यांत किती अंतर पडू शकतं, ते २०२० च्या लॉकडाउनमध्ये दिसलं. शाळा, कचेऱ्या, साखरपुडेसुद्धा झूमवर आले होते. आपले कॉल एंड-टू-एंड असल्याचं झूम सांगत असे. टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने एप्रिलमध्ये दाखवलं की चाव्या झूमच्या सर्व्हरवर तयार होतात, आणि काही कॉलमध्ये तर चीनमधल्या सर्व्हरवरून येतात. १६ एप्रिल २०२० रोजी भारताच्या गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने झूमशी समझोता करून सुरक्षाव्यवस्था सुधारण्याची अट घातली. तोवर वापरणाऱ्यांपैकी कोणालाही पडद्याकडे पाहून हा फरक कळणं शक्य नव्हतं.

बंद कोड म्हणजे काय?

प्रोग्राम लिहिणारा माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. तो सोर्स कोड. त्याचं यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर होतं आणि तेवढंच आपल्या फोनवर उतरतं. बंद कोडच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ लिखाण कंपनीच्या कपाटात राहतं. जाणकार माणूस यंत्राच्या आकड्यांवरून उलट अंदाज बांधू शकतो, पण ते किचकट आणि वेळखाऊ काम असतं. कंपनीने मनावर घेतलं तर ते आणखी अवघड करता येतं.

परदेशी गेलेल्या मुलांशी बोलण्यासाठी मराठी घरांत आधी रुळलं ते स्काइप, आणि त्याने नेमकं हेच केलं होतं. ऑगस्ट २००३ मध्ये ते सुरू झालं. २००६ मध्ये फिलिप बियाँदी आणि फॅब्रिस देक्लो या दोन संशोधकांनी ते उलगडायचा प्रयत्न केला. त्यांना दिसलं की हा प्रोग्राम स्वतःच्या कोडचे भाग गुंतवून ठेवतो आणि आपली तपासणी चालू आहे का याचा सतत शोध घेतो. एन्क्रिप्शन होतं, पण आत आणखी काय आहे याची बाहेरच्या कोणाला खात्री करता येत नव्हती.

पुढचा इतिहास पाहा. २००८ मध्ये सिटिझन लॅबशी संबंधित संशोधक नार्ट व्हिलनव यांनी उघड केलं की चीनमधली स्काइपची आवृत्ती, टॉम-स्काइप, ठरावीक शब्द असलेले संदेश गाळून सर्व्हरवर साठवते. स्काइपचे कॉल सुरुवातीला वापरणाऱ्यांच्याच संगणकांच्या जाळ्यातून फिरत. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप साडेआठ अब्ज डॉलरना घेतलं आणि २०१२ पर्यंत त्या जाळ्याचे मुख्य टप्पे आपल्या सर्व्हरवर आणले. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर काढलेल्या कागदपत्रांत अमेरिकेच्या प्रिझम या पाळत ठेवणाऱ्या कार्यक्रमातल्या कंपन्यांमध्ये स्काइपचं नाव होतं. दहा वर्षांत मालक बदलले, कॉलची वाट बदलली, सरकारशी असलेलं नातं बदललं. पुण्यातल्या आजीआजोबांच्या संगणकावरचं निळं चिन्ह मात्र तेच होतं. ५ मे २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने स्काइप बंद केलं.

टोटॉक

बोर्लीच्या घरांना सर्वांत जवळचं प्रकरण मात्र संयुक्त अरब अमिरातींमधलं आहे. तिथे व्हॉट्सॲपवर संदेश चालतो, पण व्हॉट्सॲप कॉल आणि स्काइप वर्षानुवर्षं अडवलेले. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये अशी बंदी बरीच सैल केली, अमिरातींनी केली नाही. बोटिमसारख्या परवानाधारक ॲपवरून वर्गणी भरून बोलता येई. व्हीपीएन लावून बंदी चुकवणं हा तिथे गुन्हा ठरू शकतो आणि त्याच्या दंडाची सुरुवातच पाच लाख दिरहमपासून होते.

अशात २०१९ मध्ये टोटॉक आलं. फुकट, आवाज स्वच्छ, आणि विशेष म्हणजे अडवलेलं नाही. लोकांनी ते भराभर उतरवून घेतलं. २२ डिसेंबर २०१९ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकी अधिकाऱ्यांचा हवाला देऊन बातमी दिली की हे अमिराती सरकारचं हेरगिरीचं साधन आहे आणि त्यामागची कंपनी डार्कमॅटर या सायबर-गुप्तचर कंपनीशी जोडलेली आहे. गूगल आणि ॲपलने ते आपल्या दुकानांतून काढलं. टोटॉकच्या चालकांनी आरोप फेटाळला.

बातमीसाठी ते ॲप उलगडून पाहणारे सुरक्षा-संशोधक पॅट्रिक वॉर्डल यांना आत चोरदरवाजा वगैरे काही सापडलं नाही. सांगितलं तेवढंच काम ते करत होतं. हवामान दाखवण्यासाठी ठिकाण मागत होतं, मित्र शोधून देण्यासाठी संपर्कयादी मागत होतं, कॉलसाठी माइक आणि कॅमेरा मागत होतं, आणि माणसं आपणहून परवानगी देत होती. सगळ्यांची ओळख, नातीगोती, ठिकाणं आणि संभाषणं एकाच सर्व्हरकडे जात असतील तर ॲपमध्ये चोरी लपवायची गरजच उरत नाही. त्या सर्व्हरवर कोणाचा ताबा आहे, हे मात्र फोनवरच्या कोडवरून कळत नाही. बंद ॲपची खरी अडचण यातून दिसते. ॲपवरचा विश्वास म्हणजे शेवटी त्याच्या मालकावरचा, आणि त्या मालकाच्या सरकारवरचा विश्वास.

वाटेत काय दिसतं?

आपला कॉल एंड-टू-एंड आहे असं धरू. पॅकेटं दुबईतल्या कंपनीच्या जाळ्यातून बाहेर पडतात. फुजैराहून मुंबईला येणाऱ्या समुद्राखालच्या केबल आहेत, सी-मी-वी-४ ही त्यांतली एक. अशाच एखाद्या केबलने भारतात यायचं आणि इथल्या मोबाइल कंपनीच्या टॉवरवरून बोर्लीत उतरायचं. काही वेळा दोन फोनना एकमेकांशी थेट जोडता येतं, नाहीतर कंपनीचा रिले सर्व्हर मध्ये बसतो. थेट जोडणीत समोरच्याला तुमचा आयपी ॲड्रेस कळतो आणि त्यावरून ढोबळ ठिकाणही काढता येतं. अनोळखी माणसाचे कॉल घेणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये आयपी लपवण्याची सोय दिली ती यासाठीच. ती चालू केली की सगळे कॉल रिलेवरून जातात.

आवाज कळला नाही तरी वाटेवरच्यांना बरंच काही कळतं. दिघीच्या जेट्टीवर रोज उभ्या असणाऱ्याला आगरदांड्याला जाणाऱ्याच्या पिशवीत काय आहे ते दिसत नाही, पण कोण, किती वाजता, कोणाबरोबर पलीकडे गेलं आणि कधी परतलं हे तो सांगू शकतो. तसंच कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, किती वाजता, किती वेळ बोलणं झालं ही नोंद एंड-टू-एंड कॉलमध्येही ॲपच्या कंपनीकडे होऊ शकते. पगार थकलेल्या कामगाराने महिनाभरात चार वेळा वकिलाला कॉल केला, एवढं समजायला संभाषण ऐकावं लागत नाही.

पॅकेटच्या आकारातूनही काही निसटतं. काही कोडेक शांततेत लहान आणि आवाज भरगच्च असेल तेव्हा मोठं पॅकेट करतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की कुलूप न उघडताही, नुसत्या पॅकेटांच्या मापावरून संभाषणाची भाषा बऱ्याच अंशी ओळखता येते. पुढच्याच वर्षी ठरावीक वाक्यं ओळखण्यापर्यंत त्यांची मजल गेली. सगळी पॅकेटं एकाच मापाची ठेवणं हा त्यावरचा सरळ उपाय. तुमचं ॲप तो करतं का, हे कोड बंद असेल तर कंपनी सांगेल तेवढंच कळतं.

इंटरनेट कॉल साध्या फोनवर उतरला की गोष्टच बदलते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात पाकिस्तानातले सूत्रधार न्यू जर्सीतल्या कॉलफोनेक्स या कंपनीच्या इंटरनेट सेवेतून हल्लेखोरांशी बोलत होते. त्यामुळे कॉल कुठून येतोय हे झाकलं गेलं. पण दुसऱ्या टोकाला मुंबईतले साधे मोबाइल होते. त्या टोकावर तपास यंत्रणांनी हल्ला चालू असतानाच संभाषण ऐकलं, ध्वनिमुद्रित केलं, आणि ते पुढे खटल्यात पुरावा म्हणून आलं. मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत कायदेशीरपणे ऐकण्याची सोय असावीच लागते, ही तिला परवाना मिळण्याच्या अटींपैकी एक आहे.

ऐकण्याचा अधिकार भारतात कायद्याने दिलेला आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातलं कलम ५(२), सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या पीयूसीएल निकालात त्याला घातलेली बंधनं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आणि आता २०२३ चा दूरसंचार कायदा, अशी ही मालिका आहे. परवानगी गृहसचिव पातळीवरून मिळते, आगाऊ न्यायालयीन आदेश लागत नाही. एंड-टू-एंड कॉलमध्ये असा आदेश आला तरी कंपनीकडे देण्यासारखा आवाजच नसतो. सरकार आणि अशा ॲपमधल्या तणावाचं मूळ तिथे आहे. मे २०२३ मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादी वापराचं कारण देऊन १४ ॲप अडवली. त्यांत आखाती घरांच्या ओळखीचं आयएमओ होतं, तशी उघड्या कोडची ब्रायर आणि एलिमेंटही होती.

टोकच फितूर झालं तर

वाटेतलं सगळं भक्कम असलं तरी आवाज दोन ठिकाणी उघडाच असतो. मुलाच्या फोनमध्ये कुलूप लागण्यापूर्वी आणि आईच्या फोनमध्ये कुलूप निघाल्यावर. १३ मे २०१९ रोजी व्हॉट्सॲपच्या कॉल घेणाऱ्या भागातली एक चूक जाहीर झाली. मुद्दाम वाकडी तयार केलेली पॅकेटं आली की त्या भागाची स्मृती ओसंडत असे आणि परकी आज्ञावली आत शिरत असे. कॉल उचलायचीही गरज नव्हती, नुसता मिस्ड कॉल पुरे. या वाटेने इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १,४०० फोनवर सोडण्यात आलं, असं म्हणत २९ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हॉट्सॲपने अमेरिकेत दावा लावला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरलं.

भारतात १२१ जण लक्ष्य झाल्याचं व्हॉट्सॲपने सरकारला कळवलं होतं. त्यांपैकी नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांना व्हॉट्सॲपकडून सूचना आली होती. भीमा-कोरेगाव प्रकरणातल्या आरोपींचे ते वकील. अनोळखी परदेशी नंबरांवरून व्हिडिओ कॉल येत असल्याचं त्यांनी सांगितलं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच असल्याचं ठामपणे सांगता आलं नाही आणि सरकारने सहकार्य केलं नाही, असं ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आलं.

व्हॉट्सॲपचा कोड उघडा असता तर २०१९ ची ती चूक आधी सापडली असती का? कदाचित. २०१४ मध्ये उघडकीला आलेली हार्टब्लीड ही चूक ओपनएसएसएल या पूर्ण उघड्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडून होती. उघडा कोड तपासता येतो, पण तो कोणीतरी तपासावा लागतो. त्याचा फायदा असा की सापडलेलं झाकता येत नाही. सिग्नलसारखं ॲप आणखी एक पायरी पुढे जातं. त्याचं अँड्रॉइड रूप जाहीर केलेल्या कोडवरून स्वतः पुन्हा तयार करून दुकानातल्या ॲपशी ताडून पाहता येतं. व्हॉट्सॲप मधल्या पायरीवर आहे. कुलपाची रीत, म्हणजे सिग्नल प्रोटोकॉल, जाहीर आणि अभ्यासलेली आहे, पण ॲपचा कोड बंद आहे.

घरात काय करावं?

बहुतेक कुटुंबांच्या मागे पेगासस लागत नाही. त्यांना धोका आहे तो खोट्या ॲपचा, नको तितक्या परवानग्यांचा आणि कॉलच्या नोंदींचा. म्हणून ॲप अधिकृत दुकानातूनच घ्यावं. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल किंवा ‘जादा सोयींचं’ व्हॉट्सॲप टाकू नये. २०२१ मध्ये एफएमव्हॉट्सॲप या नकलेच्या एका आवृत्तीत ट्रायडा हा घातक प्रोग्राम (ट्रोजन) सापडला होता. अपडेट टाळू नयेत, कारण २०१९ ची ती चूक अपडेटनेच बंद झाली. कॉलच्या ॲपने कायमचं ठिकाण मागितलं तर नकार द्यावा.

दुबईतल्या माणसाला मात्र तिथला कायदा पाळूनच ॲप निवडावं लागतं. त्याच्या हातात निवड कमी असते, पण कशावर काय बोलायचं हे ठरवता येतं. परवानाधारक ॲपवर खुशाली विचारावी. खात्याचे क्रमांक, मालकाविरुद्धची तक्रार, वकिलाशी सल्लामसलत हे कॉलवर न बोलता एंड-टू-एंड संदेशाने पाठवावं, आणि थोड्या दिवसांत आपोआप पुसले जाणारे संदेश चालू ठेवावेत. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांनी सिग्नल वापरावं, कॉल रिलेवरून जाण्याची सोय चालू करावी आणि अनोळखी नंबरांचे कॉल गप्प करावेत.

आणि तो सुट्टीवर बोर्लीला आला की दोन्ही फोन शेजारी ठेवून एकदा ६० अंकी कोड स्कॅन करून घ्यावा. संपर्काचं नाव, मग एन्क्रिप्शन, मग स्कॅन, एवढंच करायचं. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या सूचनाही चालू कराव्यात. पुढे कधी ‘सुरक्षा कोड बदलला’ असं दिसलं तर आधी विचारावं, फोन बदलला का? बहुधा उत्तर ‘हो’ येईल. ‘नाही’ आलं तर त्या वाटेने पैशाचं बोलणं थांबवावं.